हातभर गाडी आणि वळणाचे गणित

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्ही हातभर लांबीच्या. वजन सारखे, विजेची मोटर सारखी, बॅटरी सारखी, टायरही एकाच खोक्यातले. इशारा होताच दोन्ही सुसाट सुटतात. सरळ पट्टीवर कोणीच मागे नाही, कोणीच पुढे नाही. मग पहिले वळण येते. एक गाडी आखल्यासारखी वळून पुढे निघून जाते. दुसरीची शेपूट सरकते, ती गर्रकन फिरते आणि उलट्या तोंडाने थांबते.

असे का झाले? चालवणाऱ्याचा हात चुकला, हे एक उत्तर झाले. पण पुष्कळदा खरे उत्तर गाडीच्या पोटात असते. कुठली तरी स्प्रिंग थोडी कडक, कुठले चाक एका अंशाने जास्त कललेले, कुठला दातेरी चक्राचा जोड चुकीचा! शर्यतीच्या बहुतेक गटांत मोटर आणि बॅटरी यांवर नियमांचे बंधन असते, म्हणजे विकत घेता येणारी शक्ती सर्वांना सारखी. उरतो तो गाडी ‘लावण्याचा’ भाग. वाद्य जसे सुरात लावावे लागते तशीच ही गाडीही लावावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, हे लावणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे. ते तुमच्या शाळेच्या पुस्तकातले घर्षण, वर्तुळाकार गती आणि उष्णता यांचे शास्त्र आहे. ते कसे, हे आज पाहू.

ही गाडी असते तरी कशी?

दूर असलेली वस्तू तारेविना चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला या संशोधकाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींनी चालणारी एक छोटी नाव पाण्यात फिरवून दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. जपानमधील शिझुओका येथील टामिया या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीने १९७६ साली पोर्शे मोटारीची विजेवर व रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि हा छंद घरोघर जाऊ लागला. पुढे १९९० नंतरच्या काळात खऱ्या रस्त्यावरच्या मोटारींसारखे कवच असलेल्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांचा एक गट रूढ झाला. त्यांना ‘टूरिंग कार’ म्हणतात.

अशी गाडी खऱ्या मोटारीच्या एकदशांश आकाराची असते. रुंदी १९० मिलिमीटर, वजन सुमारे १.३ किलोग्रॅम. तळाला कार्बन तंतूंची किंवा ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, वर पातळ पॉलिकार्बोनेटचे रंगवलेले कवच. हातातल्या प्रेषकाचा घोडा दाबला की लहरी निघतात. गाडीतला ग्राहक त्या पकडतो आणि दोन हुकूम देतो. एक हुकूम वेगनियंत्रकाला, म्हणजे मोटरला वीज किती द्यायची याचा. दुसरा सर्व्हो नावाच्या छोट्या यंत्राला, म्हणजे पुढची चाके किती वळवायची याचा. बस्स, चालवणाऱ्याच्या हातात एवढेच. बाकी सारे शर्यतीपूर्वी ठरवायचे असते.

आता एक मजेशीर हिशेब पाहा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहापट केली तर आकारमान १० × १० × १० म्हणजे हजारपट होते. १.३ किलोग्रॅमची हजारपट म्हणजे १,३०० किलोग्रॅम, आणि खऱ्या मध्यम मोटारीचे वजन साधारण एवढेच असते! पण वेगाचा हिशेब असा सरळ नाही. ही गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावली की ‘खऱ्या मोटारीचा ५०० चा वेग’ असे कौतुकाने म्हटले जाते. ते बरोबर नाही. वळणात महत्त्वाचे असते ते वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून येणारे त्वरण. गुरुत्वाकर्षण काही दहापट लहान होत नाही. त्यामुळे त्रिज्या दहापट झाली तर तेवढ्याच त्वरणासाठी वेग दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ३.१६ पटीने वाढतो. ५० चे झाले १५८. हा वेगही काही थोडाथोडका नव्हे.

पकड ही मोजकी शिदोरी

आता ही गाडी आपल्या ओळखीच्या ठिकाणी नेऊ. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेचे सिमेंटचे बास्केटबॉलचे मैदान डोळ्यांसमोर आणा. कडेने काळ्या मातीची जमीन आहे, वारा सुटला की बारीक धूळ सिमेंटवर येऊन बसते. आपण खडूने एक मार्ग आखला. त्यातल्या एका वळणाची त्रिज्या आहे ३ मीटर.

वळण घेताना गाडीला आतल्या बाजूस ओढणारे बल लागते. ते देतो फक्त टायर आणि जमीन यांच्यातील घर्षण. गाडीचे वस्तुमान m, वेग v, त्रिज्या r आणि घर्षणांक μ असे मानले, तर लागणारे बल mv²/r आणि मिळू शकणारे जास्तीत जास्त बल μmg. दोन्ही समान मांडले की m दोन्हीकडून निघून जाते आणि उरते :

v² = μ × g × r

धुळीने भरलेल्या सिमेंटवर घर्षणांक ०.५ मानू. मग v² = ०.५ × ९.८ × ३ = १४.७, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ३.८ मीटर. आता झाडू घेऊन मैदान स्वच्छ झाडले आणि घर्षणांक ०.८ झाला असे समजा. v² होते २३.५ आणि वेग सुमारे ४.८ मीटर. वळणातला वेग चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढला, तोही एक पैसा खर्च न करता. म्हणून गाडी लावण्याचे पहिले हत्यार पाना किंवा पेचकस नसून झाडू आहे!

टायरची पकड म्हणजे प्रवासाला निघताना बांधून दिलेली शिदोरी. ती मोजकी असते आणि तीच सगळ्या कामांना पुरवायची असते. वेग वाढवणे, ब्रेक लावणे, वळणे, सगळे तिच्यातूनच. दोन कामे एकदम करायची झाली तर पायथागोरसचे प्रमेय कामी येते, कारण ही बले एकमेकांशी काटकोनात असतात. एकूण पकड १० मानली आणि ब्रेकला ६ खर्च केली, तर वळायला ८ उरते, कारण ६² + ८² = १०². ब्रेकला पूर्ण १० खर्चली तर वळायला शून्य! मग चाके कितीही वळवा, गाडी नाकासमोर जाते. म्हणून जाणते चालक ब्रेक आधी आटोपतात, मग वळतात आणि वळण सुटू लागले की हळूहळू वेग देतात.

टायरचे रबर हाही मोठा विषय आहे. या गाड्यांच्या टायरांत हवा नसते, आत मऊ फोमचे कडे असते. डांबरी मार्गासाठीच्या टायरांवर २८, ३२, ३६, ४० असे आकडे आढळतात. आकडा जितका मोठा, तितका तो टायर अधिक तापलेल्या रस्त्यासाठी. थंडीतल्या सकाळी जो टायर उत्तम, तोच मे महिन्यातल्या दुपारी लोण्यासारखा होऊन गाडीला तरंगवू लागतो.

हमालांची गोष्ट आणि स्प्रिंगचे रहस्य

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. गाडी उजवीकडे वळली की तिचे वजन डाव्या, म्हणजे बाहेरच्या, चाकांवर कलते. बसमध्ये वळणावर तुम्ही बाहेरच्या बाजूला रेलता तसेच. किती वजन सरकते याचे सूत्र सोपे आहे. गाडीचे वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधले अंतर. हे झाले वळणातले त्वरण g एवढे असताना. वजन १,३०० ग्रॅम, उंची २० मिलिमीटर आणि अंतर १६५ मिलिमीटर धरले तर सुमारे १६० ग्रॅम भार आतून बाहेर जातो. एरवी प्रत्येक बाजूला ६५० ग्रॅम असतात. वळणात ते आत ४९० आणि बाहेर ८१० होतात.

“मग बिघडले कुठे? एकूण वजन तेवढेच आहे, पकडही तेवढीच राहील,” असे तुम्ही म्हणाल. आपल्या सूत्राप्रमाणे तसेच व्हायला हवे. पण रबर हे सूत्र तंतोतंत पाळत नाही. जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहणारे हमाल पाहा. दोघे एकेक पोते घेऊन झपाझप चालतात. आता एकाच्या पाठीवर दोन्ही पोती द्या आणि दुसऱ्याला मोकळा सोडा. माणसे तीच, पोती तीच, पण काम मंदावते. टायरचेही असेच आहे. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून थोडी कमीच वाढते. म्हणून बाहेरच्या टायरने जे कमावले, त्याहून अधिक आतल्याने गमावलेले असते. ज्या जोडीत भार जास्त विषम, त्या जोडीची एकूण पकड कमी.

हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण गाडी लावण्याची निम्मी विद्या त्यात आहे. एकूण किती भार सरकणार हे स्प्रिंगांच्या हातात नसते. ते वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा वेग यांवर ठरते. पण सरकणाऱ्या भारापैकी पुढच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, हे मात्र स्प्रिंगा ठरवतात. कसे ते पाहा. गाडीचा तळ ताठ असतो, त्यामुळे वळणात तो पुढेमागे सारख्याच कोनातून कलतो. म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा जवळजवळ सारख्याच दबतात. हूकच्या नियमाप्रमाणे सारख्या दबण्याला कडक स्प्रिंग जास्त बलाने उत्तर देते. म्हणून जिकडची स्प्रिंग कडक, तिकडच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार, तिकडे विषमता जास्त आणि तिकडची पकड कमी.

आता सुरुवातीच्या दोन गाड्यांकडे या. गाडीच्या तक्रारी मुख्यतः दोनच असतात.

पहिली तक्रार : नाक बाहेर जाते. चाके वळवली तरी गाडी पुरेशी वळत नाही, वळणाच्या बाहेरच्या कडेकडे ढकलली जाते. अर्थ असा की पुढच्या टायरांची पकड आधी संपली. उपाय : पुढच्या स्प्रिंगा मऊ करा किंवा मागच्या कडक करा.

दुसरी तक्रार : शेपूट फिरते. मागच्या टायरांची पकड आधी संपली. उपाय नेमका उलटा : मागच्या स्प्रिंगा मऊ करा किंवा पुढच्या कडक करा.

या कामासाठी स्प्रिंगांच्या जोडीला डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारी एक आडवी तारही असते. जाड तार लावली की त्या टोकाचा कल कडक होतो, बारीक लावली की मऊ. स्प्रिंगांबरोबर असणाऱ्या धक्काशोषकांत सिलिकोनचे तेल असते. स्प्रिंग किती दबणार हे स्प्रिंग ठरवते, किती लवकर दबणार हे तेल ठरवते. उखडलेल्या, खडबडीत मैदानावर पातळ तेल बरे, कारण चाकाला प्रत्येक खळग्यात चटकन उतरून पुन्हा वर यायचे असते.

आणि गुरुत्वमध्याची उंची? ती जितकी कमी तितके सरकणारे वजन कमी, म्हणजे चारही टायर सुखी. म्हणून बॅटरी, मोटर सारे तळाशी चिकटवून ठेवतात आणि तळ जमिनीपासून अवघा ५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. शाळेच्या मैदानावरच्या सांध्यांना तळ घासत असेल तर मात्र तो वर उचलण्यावाचून गत्यंतर नाही.

चाकांचे कोन आणि एक घरगुती चाचणी

समोरून पाहिले तर शर्यतीच्या गाडीची चाके अगदी उभी नसतात. त्यांची वरची टोके एक ते दोन अंश आत झुकलेली असतात. वळणात गाडी बाहेर कलली की बाहेरचे चाकही बाहेर कलते आणि टायर कडेवर उभा राहू पाहतो. आधीच थोडे आत झुकवून ठेवले तर नेमक्या त्या क्षणी तो सपाट टेकतो. किती झुकवायचे हे टायरच सांगतो. आतली कड जास्त झिजत असेल तर कोन जास्त झाला, बाहेरची झिजत असेल तर कमी पडला.

वरून पाहिले तर मागच्या चाकांची पुढची टोके दोन ते तीन अंश आत वळलेली दिसतील. याने शेपूट स्थिर राहते. पण फुकट काहीच मिळत नाही. सरळ पट्टीवर ही चाके किंचित तिरपी घासत जातात आणि थोडा वेग खातात. पुढची चाके जवळजवळ सरळ ठेवतात.

कोन लावण्याआधी एक तपासणी हवीच. गाडी सपाट काचेवर ठेवा. पुढच्या टोकाला, बरोबर मधोमध, सुरीचे पाते खाली घालून हळूच उचला. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर ठीक. एक आधी आणि दुसरे नंतर उचलले गेले तर सांगाडा पिळलेला आहे किंवा एका बाजूची स्प्रिंग जास्त ताणलेली आहे. अशी गाडी उजवीकडे एक वागते आणि डावीकडे दुसरे. मग पुढचे सारे कष्ट पाण्यात.

बैलगाडीला जे जमते

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. पूर्ण उलटे वळण, म्हणजे अर्धे वर्तुळ घेतले, तर हा फरक π गुणिले दोन चाकांमधले अंतर एवढा येतो. ३.१४ × १६५ = सुमारे ५२० मिलिमीटर. गंमत पाहा, यात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही! टायरचा परीघ सुमारे २०० मिलिमीटर असतो, म्हणजे बाहेरच्या चाकाला अडीच फेरे जास्त घ्यावे लागतात.

बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाके आखावर मोकळी फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. पण जिथे मोटरच चाकांना फिरवते तिथे दोन्ही चाकांना शक्ती द्यायची आणि तरी वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, हा पेच पडतो. तो सोडवणाऱ्या दातेरी चक्रांच्या रचनेला डिफरेन्शियल म्हणतात. शर्यतीच्या गाडीत तिच्या पोटात सिलिकोनचे तेल भरतात. तेल पातळ असेल तर गाडी सहज वळते, पण वळणातून निघताना आतले हलके झालेले चाक नुसतेच गरगरते. तेल घट्ट असेल तर दोन्ही चाके एकमेकांना धरून राहतात, जोर चांगला लागतो, पण गाडी वळायला कुरकुरते. पुन्हा तीच गोष्ट : एकीकडे मिळवा, दुसरीकडे द्या.

दातांचे गणित आणि जालन्याचा उन्हाळा

मोटरच्या दांड्यावरचे छोटे चक्र ४८ दातांचे आणि त्याला लागणारे मोठे चक्र ९६ दातांचे असे समजा. मोटर २ फेरे घेते तेव्हा मोठे चक्र १ घेते. पुढे पट्ट्यांच्या जोडात आणखी २ पट घट होते असे धरू. एकूण प्रमाण ४. मोटर मिनिटाला १७,००० फेरे घेत असेल तर चाक ४,२५० घेईल. परीघ ०.२ मीटर, म्हणून मिनिटाला ८५० मीटर, ताशी ५१ किलोमीटर. प्रत्यक्षात हवेचा व घर्षणाचा विरोध असल्याने वेग काहीसा कमी भरतो. छोटे चक्र ५० दातांचे केले तर हाच हिशेब ५३ किलोमीटर देतो.

मग ६० दातांचे का लावू नये? सायकल चढावर जड गिअरमध्ये घालून पाहा, उत्तर पायच देतील. मोटरला जड पडले की ती जास्त विद्युतप्रवाह ओढते, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह २० टक्क्यांनी वाढला तर उष्णता १.२ × १.२ = १.४४ पट, म्हणजे ४४ टक्क्यांनी जास्त! मोटर अति तापली की आतले चुंबक दुबळे होते, तारांवरचा रोधक लेप करपतो. धाव संपल्याबरोबर मोटर साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आत असावी, असा चालकांचा ठोकताळा आहे.

इथे जालन्याचा हिशेब वेगळा होतो. समजा, एखाद्या थंड देशातील चालकाने लिहून ठेवले आहे की २० अंशांच्या हवेत अमुक दातांनी त्याची मोटर ७५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे ती हवेपेक्षा ५५ अंशांनी तापते. तुम्ही तेच दात एप्रिलमध्ये ४२ अंशांच्या हवेत लावले तर? मोटर जाईल ४२ + ५५ = ९७ अंशांवर! तिला ८० वर रोखायचे तर हवेपेक्षा ३८ अंशांचीच मुभा उरते. उष्णता ३८ भागिले ५५, म्हणजे ०.६९ पट करावी लागेल. त्यासाठी प्रवाह ०.६९ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे ०.८३ पट. हिशेब ढोबळ आहे, पण धडा पक्का आहे. दुसऱ्याच्या हवामानातले आकडे डोळे मिटून उतरवू नयेत. छोटे चक्र काही दातांनी लहान लावा, धाव काढा, तापमान मोजा आणि मगच पुढचा दात वाढवा.

बॅटरीशी खेळ नको

या गाड्यांत लिथियम-पॉलिमर जातीची दोन घटांची बॅटरी असते. दाब ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. तिची धारणक्षमता ६ अँपिअर-तास असेल तर साठलेली ऊर्जा ७.४ × ६ × ३,६०० = सुमारे १,६०,००० ज्यूल. एक लिटर पाणी ४२ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते तेवढी! ही ऊर्जा पाच मिनिटांच्या शर्यतीत शिस्तीने बाहेर पडली तर मौज, एका क्षणात पडली तर आग.

म्हणून पुढील नियम मोडू नयेत. या बॅटरीसाठीचाच, दोन्ही घटांचा दाब समान राखणारा चार्जर वापरावा. भरताना मोठ्या माणसाने जवळ थांबावे, बॅटरी न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी. प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. धावून तापलेली बॅटरी निवल्याशिवाय भरू नये. उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी पुन्हा वापरू नये. शाळेत हा प्रयोग करायचा तर शिक्षकांनी या नियमांचा तक्ता भिंतीवर लावावा.

एका वेळी एकच बदल

आता समजा, तुमच्या गाडीची शेपूट फिरते आहे. तुम्ही मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, चाकांचा कोन बदलला, तेल बदलले आणि टायरही बदलले. गाडी सुधारली! पण कशाने? तुम्हाला कळणारच नाही. कदाचित तीन बदलांनी फायदा झाला असेल आणि चौथ्याने तोटा. म्हणून पहिला नियम : एका वेळी एकच बदल. दुसरा नियम : जे मोजले ते लिहा.

नमुन्यादाखल एक वही पाहू. मागच्या स्प्रिंगा कडक असताना पाच फेऱ्यांना लागलेले सेकंद : १२.४, १२.६, १२.३, १३.९, १२.५. सरासरी १२.७४. स्प्रिंगा मऊ केल्यावर : १२.२, १२.३, १२.२, १२.४, १२.३. सरासरी १२.२८. चौथ्या फेरीत १३.९ लागले, कारण गाडी फिरली. “ती फेरी माझ्या चुकीची, ती सोडून देऊ,” असा मोह होईल. सोडू नका! जी गाडी चालकाकडून कमी चुका करवते तीच चांगली लागलेली गाडी. पाच मिनिटांत, म्हणजे ३०० सेकंदांत, पहिल्या सरासरीने साडेतेवीस फेऱ्या होतात आणि दुसरीने जवळजवळ साडेचोवीस. एका स्प्रिंगच्या जोडीने सुमारे एक फेरी मिळवून दिली.

पण थांबा, अजून सिद्ध काहीच झालेले नाही. मधल्या काळात ऊन चढून मैदान तापले असेल, टायर रुळले असतील, तुमचा हातही बसला असेल. म्हणून जुन्या स्प्रिंगा पुन्हा लावून पुन्हा पाच फेऱ्या काढा. वेळ पुन्हा वाढला तरच श्रेय स्प्रिंगांना. औषधाची परीक्षा घेणारा डॉक्टर आणि बियाण्याचे नवे वाण शेजारच्या जुन्या वाणाशी ताडून पाहणारा शेतकरी हेच करतात. बियाण्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्याला ही पद्धत काही नवी नाही.

करून पाहा

अशी गाडी महाग असते आणि प्रत्येकाला मिळणार नाही. पण तिचे मुख्य शास्त्र एका फळीवर तपासता येते. रबरी चाकांची कोणतीही खेळण्यातली गाडी घ्या. चाके फिरू नयेत म्हणून दोऱ्याने बांधा. गाडी फळीवर ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचला. गाडी घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची आणि फळीच्या दोन टोकांमधले जमिनीवरचे आडवे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. उंची ३० आणि अंतर ५० सेंटिमीटर असेल तर ०.६.

मग एकेक बदल करा. फळीवर चिमूटभर काळी माती भुरभुरा. माती पुसून फळी ओली करा. फळी कोरडी करून गाडीवर नाणी रचत जा आणि पकड भाराच्या अगदी प्रमाणात वाढते की किंचित मागे पडते, ते पाहा. प्रत्येक बदलाला पाच मापे घ्या.

हीच वही उद्या मोठ्या रस्त्यावरही उपयोगी पडेल. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा भाग जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर वेगाची मुभा आहे. थांबायला लागणारे अंतर v² ला 2μg ने भागून मिळते. घर्षणांक ०.७ असलेल्या कोरड्या रस्त्यावर ते सुमारे ८१ मीटर येते. पाऊस पडून घर्षणांक ०.४ झाला तर १४२ मीटर. शिवाय धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी ३३ मीटर निघून गेलेले असतात. वेग मात्र १२० वरून १०० केला की कोरड्या रस्त्यावरचे ते ८१ मीटर ५६ वर येतात.

मैदानावर शिदोरी संपली तर हातभर गाडी उलटी फिरते आणि आपण हसत जाऊन ती सरळ करतो. महामार्गावर तशी दुसरी फेरी मिळत नाही. घरातले कोणी लांबच्या प्रवासाला निघाले आणि आभाळ भरून आलेले असले, तर फळीवरचे तुमचे आकडे त्यांना दाखवा आणि टायर एकदा पाहून घ्यायला सांगा.